पीच क्रंबल: खाली रसच रस, वर कच्चं पीठ. काय करू?

नवी_ओव्हनवाली

नमस्कार मंडळी. बेकिंगमध्ये माझी मजल आजवर केक आणि कुकीजपर्यंतच होती. या वेळी छान पिकलेले पीच हाताशी होते, म्हणून क्रंबलच्या, म्हणजे फळावर मैदा-लोण्याचा चुरा घालून भाजायच्या प्रकाराच्या, वाटेला गेले. वास घरभर सुटला, वरून रंगही झकास आला. पण चमचा घातला आणि खाली पाणीच पाणी. फोडी अक्षरशः पोहत होत्या. वरचा थर वरून कडक, आणि उलटून बघितला तर आतल्या अंगाला पांढरट, गिच्च, दाताला चिकटणारं पीठ.

काय काय घातलं ते सांगते. पीच किलोभर, साल काढून फोडी केल्या. त्यात १५० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, थोडी दालचिनी. वरच्या थरासाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लोणी वितळवून. काचेचं खोलगट भांडं घेतलं, फळावर हे मिश्रण पसरून हाताने सारखं दाबून बसवलं. १८० अंश सेल्सियसवर ३० मिनिटं. रंग आला म्हणून काढलं आणि गरमगरमच वाढलं.

पीच जास्त पिकले होते म्हणून असं झालं का? की ओव्हनचं तापमान कमी पडलं? पुढच्या वेळी नक्की काय बदलू? घरचे पुन्हा कर म्हणून मागे लागलेत, पण कारण कळल्याशिवाय मी काही हात लावणार नाही.

गोडघाशी

कॉर्नफ्लोअर कुठे आहे? दोन मोठे चमचे फळात कालवायचं, विषय संपला.

आळशी_सुगरण

पीच थोडे करकरीत घ्या. पिकलेले नुसते खायला. भट्टीत घालायला कडकच बरे, रसही कमी सुटतो आणि फोडी आकार धरून राहतात. माझं कधी पाणी होत नाही.

भट्टीवाली

ताई, पीच पिकलेले होते हा काही गुन्हा नाही. पिकलेलेच हवेत. आळशी_सुगरण म्हणतात तसं करकरीत फळ घेतलं तर पाणी कमी दिसेल हे खरं, पण पीच खाल्ल्याचं समाधान कुठून येणार? सगळा सुगंध पिकल्यावरच येतो. करकरीत फळाचं क्रंबल म्हणजे दालचिनीच्या वासाची आंबट फोड. मला नाही चालत.

आता तुमचं. दोन तक्रारी दिसतात, पण दोन्हींच्या मुळाशी पाणीच आहे. पीचमध्ये ८८-८९ टक्के पाणी असतं. किलोभर फोडी घेतल्यात म्हणजे पाऊण लिटरहून जास्त पाणी भांड्यात आलं, आणि वर दीडशे ग्रॅम साखर टाकून ते बाहेर ओढून घेतलंत. त्याला जायला वाट नाही, कारण वरून तुम्ही झाकण दाबून बसवलंय. मग वाफ खालूनच पीठ भिजवत बसते. वरच्या बाजूला ओव्हनची कोरडी आच, म्हणून तिथे रंग. खालच्या बाजूला वाफ, म्हणून तिथे लापशी.

मी काही वर्षं एका हॉटेलच्या भटारखान्यात गोडाच्या बाजूला उभी राहून काम केलं. तिथे फळ निथळल्याशिवाय वरचा चुरा टाकायची परवानगीच नसायची. सुरुवातीला मला ती उगाच कटकट वाटे. आता घरी चार माणसांसाठी केलं तरी मी तेच करते.

फोडी बऱ्यापैकी जाड ठेवा, दीड-दोन सेंटिमीटर. पातळ काप केले की त्यांचा लगदा होतो. किलोभर फळाला साखर ८० ग्रॅम पुरते, फळ फारच आंबट असेल तर १००. चिमूटभर मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. हलक्या हाताने कालवून सगळं चाळणीत घाला, खाली पातेलं ठेवा आणि अर्धा-पाऊण तास विसरून जा. खाली गुलाबी-नारिंगी रस जमेल. किती, ते फळावर आहे. तो रस मध्यम आचेवर आटवायला ठेवा आणि इथे मात्र लक्ष ठेवा. आधी बारीक फेसाळ बुडबुडे येतात, कडेला पांढरा फेस धरतो. मग फेस बसतो, बुडबुडे मोठे आणि संथ होतात, रंग गडद होतो, आणि चमचा बुडवून काढला की रस पाठीवर पातळ थर धरून राहतो. तिथे गॅस बंद. साधारण निम्मा झालेला असतो. त्यापुढे नेलात तर पाक होईल आणि गार झाल्यावर तार धरेल.

तो गार होऊ द्या. चाळणीतल्या फोडींवर दोन सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरवून कालवा, मग त्यावर हा आटवलेला रस. गरम रसात कोरडं कॉर्नफ्लोअर टाकू नका, लगेच गुठळ्या होतात आणि त्या ओव्हनमध्येही मोडत नाहीत. कॉर्नफ्लोअरऐवजी मैदा वापरता येतो, पण जवळजवळ दुप्पट लागतो आणि रस गढूळ दिसतो. पीचचा तो चमकदार रंग झाकून टाकायचं काय कारण?

गोडघाशी, तुमचं बरोबर आहे, पण अर्धं. कॉर्नफ्लोअर नुसतं घालून भागत नाही, ते शिजावं लागतं. त्यातला स्टार्च साठ-सत्तर अंशांच्या आसपास फुगायला लागतो, साखर असली की आणखी उशिरा, आणि रस नीट बांधला जातो तो उकळीच्या जवळपास. भांड्याच्या मध्यभागी फळ उकळलं नसेल तर तुम्ही कितीही कॉर्नफ्लोअर घाला, मध्यभागी पाणी ते पाणीच, वर कच्च्या पिठाची चव फुकट.

म्हणून रंगावर जाऊ नका. रंग आधी येतो. कडेने बुडबुडे येतात तेही लवकर येतात. भट्टीतून काढायची खूण एकच: अगदी मध्यभागी, चुऱ्याच्या फटीतून, जाड आणि संथ बुडबुडा वर येऊन फुटला पाहिजे. तुमच्या ३० मिनिटांत खोलगट भांड्याच्या मध्यापर्यंत आच पोचलीच नसणार. १९० अंश, मधला कप्पा, ४० ते ४५ मिनिटं धरा. खोल भांडं असेल तर पन्नासही लागतील. वर फार रंग येऊ लागला तर फॉइल सैल टाका, घट्ट बांधू नका, नाही तर पुन्हा वाफेची गोष्ट. खाली एक ट्रे जरूर ठेवा. क्रंबल उतू जातंच, आणि ओव्हनच्या तळावर जळलेली साखर खरवडणं हे सुट्टीच्या दिवसाचं काम नव्हे.

वरच्या चुऱ्याचं नंतर लिहिते, हात पिठाचे आहेत.

चमचा_ढवळे

मी तर चुरा वेगळ्या ट्रेवर भाजून घेतो. १८० वर पंधरा मिनिटं, मध्ये एकदा ढवळायचं. फळ वेगळं कढईत शिजवायचं. वाढताना एकत्र. गिच्च होण्याचा प्रश्नच येत नाही. एवढं चाळणी-पातेलं कोण करणार?

नवी_ओव्हनवाली

बापरे, भट्टीवाली ताई, किती सविस्तर! वाफेचं डोक्यात आलंच नव्हतं, दाबून बसवलं की छान दिसेल असं वाटलं होतं. चुऱ्याची वाट बघते. चमचा_ढवळे, तुमची पद्धत सोपी वाटतेय, पण मग तो वरचा-खालचा एकजीवपणा येतो का?

भट्टीवाली

आले. आधी चमचा_ढवळे यांच्यासाठी. तुमची पद्धत चुकीची नाही, हॉटेलात गर्दीच्या वेळी तसंच करतात आणि चुरा शेवटपर्यंत कुरकुरीत राहतो. पण क्रंबलमधली माझी आवडती जागा म्हणजे चुरा आणि फळ यांच्या मधला तो बोटभर पट्टा. वरून खमंग, खालून रसाने थोडा भिजलेला, ना धड कुरकुरीत ना धड मऊ. तो पट्टा एकत्र भाजल्याशिवाय येत नाही. वेगळं भाजून वर टाकलं तर ती फळावर पेरलेली कुकी. चांगली लागते, पण ती वेगळी गोष्ट.

आता चुरा. तुमचं प्रमाण, मैद्याच्या निम्मं लोणी आणि निम्मी साखर, हे जुनं आणि चालणारं प्रमाण आहे. ते बदललं नाही तरी चालेल. मी मैद्याच्या मानाने थोडं लोणी वाढवते आणि ओट्स घालते: १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम ओट्स, ७५ ग्रॅम ब्राउन शुगर, ९० ग्रॅम लोणी. लोणी बिनमिठाचं असेल तर पाव चमचा मीठ. मीठ वगळू नका, त्याशिवाय चुरा नुसता गोड लागतो, खमंग लागत नाही. ओट्स जाड बघून घ्या. झटपट शिजणारे बारीक ओट्स पिठातच विरघळतात.

लोणी वितळवू नका. वितळवलेल्या लोण्याचाही चुरा होतो, काही जण मुद्दाम तसाच करतात, पण त्याचे गोळे घट्ट होतात आणि दाबले की त्यांची लादी होते. लोणी फ्रिजमधून काढून, चौकोनी तुकडे करून, मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावू नका, तळहाताची ऊब लोणी वितळवते. मोहन चोळतो तसंच हे, फक्त मोहन थंड. लोण्याने पिठाचे कण माखले की पाणी लागलं तरी मैद्याला चिकटपणा धरता येत नाही, त्यामुळे चुरा भुरभुरीत राहतो. मूठ वळून बघा. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टिचकी मारली की फुटली पाहिजे. वळतच नसेल तर चमचाभर लोणी कमी आहे. वळून फुटत नसेल तर फार मळलंत.

चोळून झालं की सगळं रव्यासारखं एकसारखं ठेवू नका. मूठमूठ घेऊन दाबा आणि मोडा. काही खडे वाटाण्याएवढे, काही बोराएवढे, काही नुसती भुकटी. खडे कुरकुरीत राहतात, भुकटी खालच्या रसाला धरते. हे वीस मिनिटं फ्रिजमध्ये. तेवढ्यात तुमचा रस आटतो, म्हणजे वेळ काही वाया जात नाही.

मग फळावर नुसतं पेरायचं. पसरायचं नाही, दाबायचं तर मुळीच नाही. कडेने दोन-तीन जागी फळ उघडं दिसू दे, तिथून वाफ जाते. थर बोटाच्या जाडीपेक्षा जास्त नको. २०० ग्रॅम मैद्याचं मिश्रण खोल आणि अरुंद भांड्यात गेलं म्हणजे थर दुप्पट झाला असणार, आणि तिथे आतपर्यंत आच पोचणं अवघडच. वीस सेंटिमीटरचं चौकोनी, उथळ भांडं घ्या. काच, चिनी माती, काहीही चालेल. ॲल्युमिनियमचं भांडं टाळा, फळाच्या आंबटपणाने धातूची चव उतरते.

आणि शेवटचं, जे कोणी ऐकत नाही: काढल्यावर किमान अर्धा तास हात लावू नका. गरम असताना घट्ट झालेला रसही पातळच दिसतो. गार होता होता तो बसतो. तुमच्या क्रंबलमधलं थोडं पाणी तरी या घाईचंच होतं.

नवी_ओव्हनवाली

ताई, दंडवत. मूठ वळायची खूण तर लगेच कळली, हे कुठल्याच रेसिपीत लिहिलेलं नव्हतं. आता थोडे उपप्रश्न. साल काढायलाच हवी का? माझ्या फळांची बी गराला इतकी घट्ट चिकटलेली होती की निम्मा गर तिलाच गेला. आणि हंगाम संपल्यावर फ्रोझन किंवा डब्यातले पीच चालतील का?

आळशी_सुगरण

साल मी कधीच काढत नाही. कुणाच्या लक्षातही येत नाही.

भट्टीवाली

ज्यांच्या दातात अडकते त्यांच्या लक्षात येते. :) सालीने रसाला रंग छान येतो, पण ओव्हनमध्ये ती फोडीपासून सुटून गुंडाळते आणि चिवट होते. काढणं सोपं आहे. फळाच्या खालच्या टोकाला सुरीने फुली मारा, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात. फुलीच्या टोकाला धरून ओढलं की साल सरसर येते. नाही आली तर फळ अजून कच्चं आहे असं समजा. नेक्टरिन मिळत असतील तर ही उठाठेव नको. ते पीचच, फक्त लव नसलेले, आणि साल पातळ असते.

बीचं म्हणाल तर पीचच्या दोन तऱ्हा असतात. एकीत बी सुटी, फळ दोन भागांत चिरून पिळलं की बाहेर येते. दुसरीत गर बीला चिकटलेला. चिकट असेल तर पिळत बसू नका, गराचा चेंदामेंदा होतो. बीच्या चारी बाजूंनी उभे काप काढा आणि उरलेला गर खरवडून त्या आटवायच्या रसात टाका. तोही रस दाटायला मदतच करतो.

विकत घेताना लाल गालाला भुलू नका. लाली जातीवर आणि उन्हावर असते, पिकण्यावर नाही. लालीच्या मागचा रंग बघा, हिरवट असेल तर कच्चं, पिवळा असेल तर तयार. देठाजवळ बोटाने हलकं दाबा आणि वास घ्या. कच्चे मिळाले तर कागदी पिशवीत बाहेरच ठेवा, एक-दोन दिवसांत पिकतात. कच्चे पीच फ्रिजमध्ये मात्र घालू नका. त्या थंडीत त्यांचं पिकणं बिघडतं आणि गर कोरडा, पिठूळ होतो. पिकल्यावर एखाद-दोन दिवस फ्रिजमध्ये राहिले तर हरकत नाही.

फ्रोझन चालतात, पण बर्फाने पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे पाणी आणखी सुटतं. चाळणीतच पूर्ण वितळू द्या आणि तोच रस आटवा, बाकी सगळं तसंच. डब्यातले आधीच शिजलेले आणि पाकात मुरलेले असतात. पाक निथळून टाका, साखर चमचा-दोन चमचे पुरे, लिंबू थोडं वाढवा, आणि कॉर्नफ्लोअर निम्मं. फोडी मऊ असतात, फार ढवळू नका. खरं सांगू, डब्यातल्या पीचचं क्रंबल मला तितकंसं भावत नाही, पण पाहुणे आणि हंगाम एकमेकांना विचारून येत नाहीत.

सूक्ष्मदर्शक

छान धागा. थोडी भर. नवी_ओव्हनवाली, तुम्ही एका पूर्ण लिंबाचा रस घातला होता. आंबट जास्त झालं तर स्टार्चची बांधणी सैल पडते, खास करून बराच वेळ उकळलं की. अर्धं लिंबू बरोबर. पांढऱ्या गराचे पीच असतील तर त्यांच्यात मुळातच आंबटपणा कमी असतो, तिथे पूर्ण लिंबू चालून जाईल.

अवांतर: ब्रिटनमध्ये जानेवारी १९४० मध्ये लोणी आणि साखर रेशनवर आली. क्रंबल तिथे घरोघर रुळला तो याच टंचाईच्या काळात. लाटायची पारी नको, मिळेल ती चरबी आणि मिळेल ते फळ.

चमचा_ढवळे

तरी मी वेगळंच भाजणार. पण रस आटवायचं मात्र उचलतो, कढईत फळ फार वेळ परतावं लागतं ते वाचेल.

नवी_ओव्हनवाली

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न, मग छळत नाही. आदल्या दिवशी तयार करून ठेवता येतं का? आणि उरलेलं गरम कसं करायचं? मायक्रोवेव्हमध्ये केलं तर वरचा थर लोळागोळा झाला.

भट्टीवाली

मायक्रोवेव्ह नको, तो फळातल्या पाण्याचीच वाफ करून चुऱ्यात सोडतो. ओव्हन १६० वर, पंधरा-वीस मिनिटं, झाकण न घालता. एकाच माणसापुरतं असेल तर फळ मायक्रोवेव्हमध्ये आणि वरचा चुरा काढून तव्यावर मंद आचेवर. उरलेलं फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं, पण दुसऱ्या दिवसानंतर चुरा मऊ पडणारच, त्याला इलाज नाही.

आदल्या दिवशी करायचं तर फळ आणि चुरा वेगवेगळे ठेवा, एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवलंत तर भाजायच्या आधीच चुरा भिजतो. चुरा तर फ्रीझरमध्ये पिशवीत महिना-दोन महिने सहज राहतो. मी नेहमी दुप्पट करून ठेवते. वापरताना वितळवायचाही नाही, तसाच गोठलेला फळावर पेरायचा आणि चार-पाच मिनिटं जास्त भाजायचा. फक्त काचेचं भांडं फ्रीझरमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकतं.

फळ निथळून, रस आटवून फ्रिजमध्ये ठेवलंत तर सकाळी पुन्हा थोडं पाणी सुटलेलं दिसेल. घाबरू नका, ते काढून टाकू नका. कॉर्नफ्लोअर भाजायच्या वेळीच घाला, ते त्या पाण्याचं बघून घेईल.